‘ध’ चा ‘मा’ कुणी केला?

‘ध’ चा ‘मा’ करणे, हे आपल्याकडे लहान पोराच्याही तोंडी असतं. कुणी निरोप फिरवून सांगितला, कागदावर खाडाखोड केली, ठरलं एक आणि लिहून आणलं दुसरंच, की आपण म्हणतो, हिनं ‘ध’ चा ‘मा’ केला. ‘हिनं’ म्हणतो बरं का. ‘यानं’ असं फार कमी वेळा ऐकू येतं.

या बोलण्यामागं एक खरा खून आहे, एक कट आहे, आणि त्यावर लिहिलेलं एक नाटकही आहे. नाटकाचं नाव ‘भाऊबंदकी’. लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, सांगलीचे. टिळकांच्या ‘केसरी’त काम केलेला माणूस. नाटक रंगभूमीवर आलं १९०९ साली. मराठीतल्या मोठ्या शोकांतिकांमध्ये त्याचं नाव घेतात. बी.ए.ला असताना आम्हाला ‘शोकांतिका’ हा शब्द परीक्षेपुरता शिकवला होता, व्याख्या लिहा, पाच गुण. पण त्याचा साधा अर्थ असा, की त्यात वाईट माणसाला शिक्षा होते म्हणून आपण रडत नाही. ज्या माणसात काही चांगलं होतं, मोठं होतं, तो आपल्याच हातानं स्वतःला बुडवतो आणि सोबत घरदार, राज्य बुडवतो, ते बघून जीव हळहळतो. ‘भाऊबंदकी’तला तो माणूस म्हणजे राघोबादादा, रघुनाथराव पेशवे.

आधी घटना बघू, मग नाटकाकडे येऊ.

रघुनाथराव हे थोरल्या बाजीरावांचे धाकटे चिरंजीव, नानासाहेब पेशव्यांचे भाऊ. १७५८ साली मराठ्यांचं सैन्य पार अटकेपर्यंत गेलं, त्या मोहिमेचे सेनापती हेच. आजही आपण ‘अटकेपार झेंडा’ म्हणतो तो यांच्यामुळं. पानिपतानंतर १७६१ मध्ये नानासाहेब गेले आणि पेशवाईची वस्त्रं मिळाली त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलाला, माधवरावांना. काका कर्तबगार, वयानं मोठा, अटकेपर्यंत जाऊन आलेला. आणि गादीवर पुतण्या. तिथून ठिणगी पडली. काका-पुतणे एकमेकांशी लढलेसुद्धा. १७६८ मध्ये नाशिक भागातल्या धोडपच्या किल्ल्याजवळ माधवरावांनी काकांचा पराभव केला आणि त्यांना पुण्याला आणून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं.

माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला क्षयानं गेले, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. रमाबाई सती गेल्या. जाण्यापूर्वी माधवरावांनी धाकट्या भावाचा, नारायणरावाचा हात काकांच्या हातात दिला असं सांगतात. नारायणराव तेव्हा सतरा वर्षांचा. तो पेशवा झाला, काही महिने बरे गेले आणि काका पुन्हा नजरकैदेत. एकाच वाड्यात पुतण्या मालक आणि काका कैदी. स्वयंपाकघराचा धूर एकच, भिंतीच्या अलीकडं राज्य आणि पलीकडं पहारा.

३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस. वाड्यावर पहाऱ्याला गारदी होते. गारदी म्हणजे पगारी शिपाई, बंदूकवाले, त्यांचा म्होरक्या सुमेरसिंग. पगार थकल्याची त्यांची तक्रार होती आणि त्याच निमित्तानं ते दुपारी आत घुसले. त्यांच्याशी आधीच बोलणं झालेलं होतं: पुतण्याला धरायचं, काकाला गादीवर बसवायचं, बदल्यात पैसा आणि किल्ले मिळतील. काका आणि गारदी यांच्यामधला दुवा होता तुळाजी पवार, रघुनाथरावांच्या पदरचा नोकर.

नारायणरावाला कुणकुण नव्हती असं नाही. ग्रांट डफ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला, त्यात तो सांगतो की त्याच दिवशी रघुजी आंग्र्यांनी पेशव्याला सावध केलं होतं, आणि पेशव्यानं हरिपंत फडक्यांना बंदोबस्त वाढवायला सांगितलं होतं. हरिपंतांना एका स्नेह्याकडं जेवायला जायचं होतं. ते म्हणाले असतील, जेवून येतो नि बघतो. हरिपंत काही कटात नव्हते. पुढं तर ते विरुद्ध बाजूला उभे राहिले. पण त्या दुपारी ते जेवायला गेले.

पुढचं आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पोरगा जीव घेऊन पळाला तो थेट काकाच्या दालनात गेला, काकाला मिठी मारली. ‘काका, मला वाचवा’ ही हाक लोकांच्या कानात अजून आहे. शनिवारवाड्यात रात्री ती ऐकू येते म्हणणारेही भेटतात. चाफाजी टिळेकर नावाच्या सेवकानं मालकाच्या अंगावर पडून त्याला झाकलं. दोघंही मारले गेले. त्या अर्ध्या तासात वाड्यात एकूण अकरा माणसं मेली असा हिशेब इतिहासकारांनी दिलाय. त्यात दोन दासी होत्या. पेशव्याचं नाव सगळ्यांना माहीत, चाफाजीचंही काहींना माहीत. त्या दोघींना कुठल्या नाटकात एक वाक्यही मिळालेलं नाही.

आता तो कागद. गोष्ट अशी सांगतात, की रघुनाथरावांनी गारद्यांना जो हुकूम लिहून दिला त्यात ‘नारायणरावास धरावे’ असं होतं. तो कागद बाहेर जायच्या आधी त्यांच्या बायकोच्या, आनंदीबाईच्या हाती आला आणि तिनं ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं. झालं. दोन अक्षरांच्या खेळात पेशवा मेला.

खाडिलकरांनी नाटक लिहिलं ते या सगळ्या मालमसाल्यावर. ते संगीत नाटक नाही, गद्य आहे. त्यांना शेक्सपिअर फार प्रिय. त्यांच्या पहिल्याच नाटकावर, ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’वर, ‘हॅम्लेट’ आणि ‘ऑथेल्लो’ची छाया आहे असं समीक्षक सांगतात. आणि ‘भाऊबंदकी’ बघताना आठवतं ते ‘मॅकबेथ’. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी दोन ओळीत सांगते: स्कॉटलंडचा एक शूर सरदार मॅकबेथ, राजा त्याच्या घरी पाहुणा म्हणून येतो, मॅकबेथच्या मनात गादीची इच्छा आहे पण हात धजत नाही, बायको त्याला टोचून टोचून तयार करते आणि झोपलेल्या राजाचा खून होतो. आपल्याकडं वि. वा. शिरवाडकरांनी त्याचं ‘राजमुकुट’ केलं, १९५४ साली. गंमत बघा, इतिहासातला खरा डंकन राजा १०४० साली लढाईत मारला गेला. घरात पाहुणा असताना अंथरुणात नव्हे. नाटकाला घर लागतं, रात्र लागते आणि कानाशी बोलणारी बायको लागते. ती असली की पुरुषाच्या मनातली घालमेल लोकांना दिसते.

‘भाऊबंदकी’तली आनंदीबाई तशीच आहे. ठाम, हुशार, महत्त्वाकांक्षी. राघोबा शूर आहे पण मनाचा डळमळीत. एका हाताला गादी, दुसऱ्या हाताला भावाचं पोर. त्याची ती ओढाताण हाच नाटकाचा जीव. त्या काळच्या नाटक मंडळ्यांत बायकांची कामं पुरुषच करत, म्हणजे आनंदीबाईही पुरुषानंच उभी केली. पुढं जमाना बदलला, दुर्गाबाई खोट्यांसारख्या नटीनं ‘भाऊबंदकी’त काम केलं. तेवढ्या वर्षांत ते लोकांच्या मनात इतकं बसलं, की इतिहास कुठं संपतो आणि नाटक कुठं सुरू होतं याचा पत्ता लागेना.

१९०९ साली हे नाटक बघणाऱ्यांना त्यात आणखीही काही दिसत होतं. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली होती, जहाल एकीकडं आणि मवाळ दुसरीकडं. टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. घर आपसात भांडलं की बाहेरचा आत येतो, हे प्रेक्षकाला वेगळं सांगावं लागत नव्हतं, म्हणून त्या फुटीची सावली या नाटकावर आहे असं अभ्यासक म्हणतात. खाडिलकरांचं आधीचं नाटक ‘कीचकवध’ लोकांनी कर्झनसाहेबाला लावून बघितलं होतं आणि सरकारनं १९१० मध्ये त्यावर बंदी घातली.

नाटकात सगळ्यात गाजलेला माणूस मात्र राघोबाही नाही आणि आनंदीबाईही नाही. तो म्हणजे रामशास्त्री प्रभुणे. साताऱ्याजवळच्या माहुलीचे, पेशव्यांचे न्यायाधीश. पेशव्याच्या खुनाची चौकशी त्यांनी केली. ध्यानात घ्या, ज्या माणसाची चौकशी करायची तोच आता धनी झालेला. रघुनाथरावांनी खुनानंतर पेशवाईची वस्त्रं घेतली होती, पगार त्यांच्याच हातून यायचा. रामशास्त्र्यांनी पुरावा गोळा केला आणि तोंडावर सांगितलं, की या खुनाचे दोषी तुम्ही आहात आणि याला प्रायश्चित्त देहान्ताचं, दुसरं नाही. मग पद सोडलं, पुणं सोडलं आणि वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. रघुनाथरावांचं राज्य असेतो त्या दरबाराचं पाणी प्यायले नाहीत. प्रभात कंपनीनं १९४४ साली ‘रामशास्त्री’ हा बोलपट काढला. गजानन जागीरदारांनी केलेले शास्त्रीबुवा आमच्या आज्जीच्या पिढीला देव्हाऱ्यातल्या देवासारखे वाटायचे.

आता मला खुपतं ते इथं आहे. रामशास्त्र्यांचं नाव आपण आदरानं घेतो. निःस्पृह न्यायाधीश म्हटलं की त्यांचंच नाव पुढं येतं. मग त्यांचा निकाल आपण का ऐकत नाही? त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं रघुनाथरावांना. आणि अडीचशे वर्षं आपण शिक्षा देतोय आनंदीबाईला, ती पण रोजच्या बोलण्यातून, उठता-बसता.

ग्रांट डफनं ‘धरावे-मारावे’ची गोष्ट लिहिली तेव्हा त्यानंही ती ‘सर्वसाधारण समज असा आहे’ या बोलीवर लिहिली. आणि पुढं जोडलं, की जीव वाचवायला आलेल्या पुतण्याला काकानं आसरा दिला नाही, त्यावरून त्याला सगळं ठाऊक असावं असा संशय घ्यायला जागा आहे. हे दुसरं वाक्य कुणाच्या लक्षात राहिलं नाही, पहिलं राहिलं. बाईंबद्दल डफनं बरे शब्द वापरलेत असं मात्र नाही.

मी आनंदीबाईची वकिली करायला बसलेले नाही. ती गुहागरकडच्या ओकांची लेक, १७५६ च्या सुमारास रघुनाथरावांची दुसरी बायको म्हणून या घरात आली. लिहिता-वाचता येणारी, राजकारण कळणारी बाई होती. नवऱ्याला गादी मिळावी असं तिला वाटत होतं यात शंका नाही. मोठी जाऊ गोपिकाबाई, म्हणजे नारायणरावाची आई, तिच्याशी हिचं पटत नव्हतं. कटाची तिला माहिती असेल. तिची त्याला साथही असेल. पण साथ असणं वेगळं आणि अख्खा कट एका बाईच्या लेखणीत कोंबणं वेगळं.

जरा त्या कागदाचाच विचार करा. समजा कागदावर शेवटपर्यंत ‘धरावे’च राहिलं असतं. तर ते चांगलं होतं का? दरबारानं मानलेल्या, अठरा वर्षांच्या पेशव्यावर त्याच्याच घरात, पगार थकलेले, बंदुका घेतलेले लोक सोडायचे, त्यांना किल्ल्यांचं आमिष दाखवायचं, आणि म्हणायचं नुसता धरा. हा ‘धरा’ लिहिणारा हात कुणाचा, तो ‘ध’ लिहायला कोण कोण बसलं होतं, हे आपल्या बोलण्यात येतच नाही. ‘ध’ चा ‘मा’ झाला म्हटलं की ‘ध’ आपोआप सोवळा होतो. काका सोवळा होतो. सखारामबापू बोकीलांसारख्या मुरब्बी कारभाऱ्यांवरही पकडण्याच्या बेतात सामील असल्याचा संशय होता, ते सुटतात. तुळाजी सुटतो. जेवायला गेलेले हरिपंत तर मोजणीतच येत नाहीत. उरते बाई आणि तिचं ते एक अक्षर.

आणि अक्षराचं म्हणाल तर ‘ध’ चा नुसता ‘म’ करून भागत नाही, पुढं काना द्यावा लागतो. म्हणजे एक अक्षर बदलायचं आणि एक काना वाढवायचा, तेही असं की वाचणाऱ्याला खाडाखोड दिसू नये. मी गटांची प्रोसिडिंग बारा वर्षं तपासतेय. खाडाखोड लपत नाही.

त्यावरून एक सांगते, कुठल्या गावचं ते राहू दे. एका गटात कर्जाच्या ठरावात पंधरा हजाराचा आकडा पंचवीस हजार झाला म्हणून गदारोळ झाला. सगळ्यांची बोटं सचिवाकडं. का, तर लिहिता येणारी ती एकटी. दहावी झालेली, वहीवर अक्षर तिचंच. ‘तिच्याशिवाय कोण करणार?’ एवढा एकच पुरावा. तिच्या सासूनंसुद्धा तिची बाजू घेतली नाही. पासबुकाशी ताळा केला, बँकेतली ठरावाची प्रत काढली, तेव्हा निघालं की आकडा पहिल्यापासून पंचवीस हजारच होता. खाली पाच जणींच्या सह्या होत्या, दोन अंगठे होते. सभेत पंधरा ठरले असं ज्यांना आठवत होतं, त्यांनीच न वाचता सह्या केल्या होत्या. पैसे कोणी आणि कशाला जास्त मागितले होते ते सांगत बसत नाही, गावकीचा विषय आहे. त्या मुलीनं मात्र सचिवपद सोडलं ते सोडलंच. आता त्या गटाची वही अध्यक्षांचा मुलगा लिहितो.

अठराव्या शतकात किती बायकांना लिहिता येत होतं? वाड्यांतल्या मोजक्या. आनंदीबाईला येत होतं, म्हणून तिच्यावर हा आळ बसू शकला. अडाणी बाईवर ‘ध’ चा ‘मा’ केल्याचा आरोप कोण करील?

बरं, याच गोष्टीत दुसरी एक बाई आहे, तिच्याकडं नाटकवाल्यांनी फारसं बघितलं नाही. गंगाबाई, नारायणरावाची बायको. नवरा मारला गेला तेव्हा तिला दिवस गेले होते. बाळंतपणाच्या तारखेवरून बघितलं तर जेमतेम दुसरा महिना असावा. हे कळलं आणि सगळ्या राजकारणाचा रोख तिच्या पोटाकडं वळला. रघुनाथराव स्वारीवर बाहेर गेल्याची संधी साधून कारभाऱ्यांनी एकी केली. नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे आणि इतर. यालाच बारभाईंचं कारस्थान म्हणतात. म्हणजे कटाला उत्तरही कटानंच. १७७४ च्या जानेवारीत त्यांनी गंगाबाईला पुरंदर किल्ल्यावर हलवलं. सोबत होत्या पार्वतीबाई, पानिपतात गेलेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी. कल्पना करा, नवऱ्याच्या रक्ताचे डाग अजून ताजे, पाच-सहा महिन्यांची पोटुशी मुलगी थंडीत गड चढतेय, आणि भोवती सगळे मोठे मोठे लोक एकच गोष्ट मोजतायत, किती दिवस राहिले.

मुलगा होईल का? मुलगी झाली तर? गडावर आणखी गरोदर बायका नेऊन ठेवल्या होत्या, वेळ पडली तर मूल बदलायला, अशी वदंताही डफनं नोंदवलीय. मुलगा झाला, १८ एप्रिल १७७४ ला. चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवाईची वस्त्रं दिली. तोच सवाई माधवराव. रघुनाथरावांनी लगेच म्हणायला सुरुवात केली की हे मूल खरं नाही. एका बाईवर अक्षर बदलल्याचा आळ, दुसरीवर मूल बदलल्याचा. गंगाबाई १७७७ मध्ये वारली, पोरगं तीन वर्षांचं होतं. तिच्या मरणाबद्दलही लोकांनी नाही नाही ते बोलून ठेवलंय. ते मी रेडिओवरून पुन्हा बोलणार नाही.

रघुनाथराव गादीसाठी इंग्रजांकडं गेले. मार्च १७७५ ला सुरतेचा तह झाला: इंग्रजांनी फौज द्यायची, बदल्यात साष्टी आणि वसई घ्यायची. वसई, जी चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून १७३९ मध्ये केवढ्या माणसांचा बळी देऊन घेतली होती. चिमाजीअप्पा म्हणजे रघुनाथरावांचे सख्खे चुलते. त्या एका सहीतून इंग्रज-मराठ्यांचं पहिलं युद्ध उभं राहिलं आणि १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललं. ही सही कुणी बदलली नव्हती. ‘ध’ तिथं ‘ध’च होता. पण या सहीवरून आपल्याकडं कुठला वाक्प्रचार पडला नाही.

सालबाईच्या तहानं रघुनाथरावांना तनखा मिळाला. ११ डिसेंबर १७८३ ला ते कोपरगावला वारले. ज्याच्या घोड्यानं अटकेचं पाणी प्यालं म्हणतात, तो माणूस गोदावरीकाठी एका लहान गावात, कुणाच्या तरी तनख्यावर मेला. शोकांतिका म्हणतात ती ही. खाडिलकरांनी निवडलेला माणूस चुकीचा नव्हता.

रामशास्त्री बारभाईंच्या राजवटीत पुन्हा न्यायासनावर आले आणि १७८९ मध्ये वारले. गारद्यांपैकी आणि तुळाजीपैकी जे हाती लागले त्यांना देहदंड झाला. म्हणजे ज्यांनी तलवार चालवली त्यांना शिक्षा, ज्यांनी चालवायला लावली त्यांना तनखा. शास्त्रीबुवांनी सांगितलेलं प्रायश्चित्त कुणी घेतलं नाही.

आनंदीबाई नवऱ्याच्या मागं दहा वर्षं जगली. नवरा वारला तेव्हा ती गरोदर होती, चिमाजी नंतर जन्माला आला. थोरला मुलगा बाजीराव, १७७५ मध्ये धारच्या किल्ल्यात जन्मलेला, तेव्हाही नवरा लढाईच्या धामधुमीत आणि ही किल्ल्यात बाळंतीण. मुलांसह तिला आधी कोपरगावला आणि मग नाशिकजवळ आनंदवल्लीला पहाऱ्यात ठेवलं. गावाचं ते नाव तिच्यावरूनच पडलं असं सांगतात. नाशिकला जाणाऱ्या बायकांनी नवश्या गणपतीचं देऊळ बघितलं असेल, तिथंच ते आनंदवल्ली, आता शहरातच आलंय. १७९४ मध्ये ती तिथं वारली. पुढच्याच वर्षी सवाई माधवराव शनिवारवाड्यातून खाली पडून गेला, वयाच्या एकविसाव्या वर्षी. आणि १७९६ मध्ये आनंदीबाईचा बाजीराव पेशवा झाला. ज्या गादीसाठी एवढं सगळं झालं ती तिच्या लेकाला मिळाली, ती नसताना. तोच शेवटचा पेशवा. १८१८ मध्ये राज्य गेलं.

मैत्रिणींनो, आपापल्या गटाच्या बैठकीत हा कार्यक्रम ऐकत असाल तर एक करून बघा. रामशास्त्र्यांच्या जागी बसा आणि यादी करा, त्या दिवशी वाड्यात आणि वाड्याबाहेर कुणाच्या हातात काय थांबवणं होतं. आंग्रे, हरिपंत, तुळाजी, सुमेरसिंग, बापू, राघोबा, आनंदीबाई. ज्याच्या त्याच्या नावापुढं लिहा. आमच्या प्रभाग संघाच्या बैठकीत हे केलं तेव्हा दोन तास भांडण झालं. हरिपंतांना किती दोष द्यायचा यावर तर आजही एकमत नाही. एक आजी म्हणाल्या, जेवायला गेला त्यात त्याचं काय चुकलं, आणि दुसऱ्या म्हणाल्या, आपल्यातले सगळे हरिपंतच. तुमच्या बैठकीत काय ठरलं ते केंद्राच्या पत्त्यावर पोस्टकार्डानं कळवा.

पुढच्या बुधवारी गोपिकाबाईंबद्दल बोलू. गंगाबाईची सासू, सवाई माधवरावाची आजी. नातवानं कसं वागावं, केव्हा उठावं, कुणाशी काय बोलावं याचं पत्र त्यांनी लिहून ठेवलंय.